किरकोळ खर्च

आमच्या घरात बोलताना 'मैं' कुणी म्हणत नाही, 'हम' म्हणतात. त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की 'मी' हा शब्द हातून उतरत नाही, 'आम्ही'च उतरतो. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. वालीवच्या एका कारखान्यात 36 वर्षं कारकुनी करून 2022 साली निवृत्त झालेले आम्ही एक साधे गृहस्थ आहोत. मोठेपणा सांगावा असं आमच्यापाशी काही नाही. जे सांगायचं आहे ते कमीपणाचंच आहे, आणि ते सांगायला आम्हाला फार वर्षं लागली.

विषय निघाला तो पुतण्यामुळे. 2023 चा पावसाळा संपता संपता एके रात्री जेवणं झाल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बडे अब्बा, मला विलायतेला जायचंय. झाडांचं काम करायला."

आम्हाला वाटलं, बागेत माळी म्हणून जातोय. तो म्हणाला, "माळी नाही. तिथं या कामाला ट्री सर्जन म्हणतात. म्हणजे झाडांचा सर्जन. झाडावर दोराने चढायचं, कुजलेली फांदी काढायची, भार कमी करायचा, झाड वाचवायचं. आपण करतो तेच."

पलीकडे सुपारी कातरत बसलेला आमचा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचे वडील, हसला. "सर्जन! आपल्याकडे तर सर्जनला पावतीसुद्धा मिळत नाही." त्याने ते सहज म्हटलं. आम्हाला मात्र ते लागलं. का लागलं ते कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमचे दादा वसईला एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. तुंगारेश्वरच्या बाजूचं लाकूड गाड्यांतून वखारीत यायचं तो तो काळ. आज तो डोंगर अभयारण्य आहे, 2003 साली तसा जाहीर झाला. दादा लाकूड चिरायचे, अब्बा झाडावर चढायचे. वसईच्या पश्चिमेला माडांच्या आणि केळीच्या वाड्या, पूर्वेला भातशेती आणि बांधावर ताड. माडाच्या झावळ्या काढणं, घरावर कललेला आंबा हलका करणं, विहिरीवर झुकलेला उंबर आवरणं, अशी कामं अब्बांकडे यायची. हत्यारं म्हणजे एक कोयता, एक करवत, एक कुऱ्हाड आणि काथ्याचा जाड दोर.

अब्बा शाळेत गेले नव्हते, पण झाड त्यांना कळायचं. मोठी फांदी कापताना ते करवत आधी खालून थोडी चालवायचे, मग थोडं पुढे सरकून वरून. फांदी पडली की उरलेलं खुंट शेवटी नीट कापायचे. खालची चीर न देता थेट वरून कापलं तर फांदी आपल्या वजनाने मोडते आणि खोडाची साल ओरबाडत खाली येते. ते म्हणायचे, फांदीला गळा असतो, गळा कापायचा नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याच्या बाहेरून कापायचं, असा त्याचा अर्थ. पुढे पुतण्याने आम्हाला दाखवलं की हेच विलायती पुस्तकांत शिकवतात. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शिगो नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो झाडं चिरून पाहिली आणि सांगितलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत उभी करतं आणि पुढे वाढतं. ती भिंत उभी करायची ताकद त्या फुगीर कड्यात असते. गळा कापला की झाडाचा बचाव गेला.

अब्बांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. कापलेल्या जागी ते डांबर फासायचे. शिगोंच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा उपयोग नसतो, उलट ओल आत कोंडते. अब्बांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं असं आम्हाला वाटतं. त्यांना सांगायला कुणी आलंच नाही, एवढंच.

पुढे वालीवला गाळे उभे राहू लागले. शेताच्या जागी पत्र्याच्या शेड आल्या, विजेच्या तारा आल्या. झाडं पत्र्यावर घासू लागली, तारांना लागू लागली. पावसाळ्याआधी छाटणीचं काम भरपूर निघायचं. आम्ही मॅट्रिक होऊन 1986 साली अशाच एका कारखान्यात कारकून म्हणून लागलो. घराण्यातला पहिला टेबलावर बसणारा माणूस. अम्मीने मोहल्ल्यात मिठाई वाटली होती.

मे 1988 मध्ये आमच्याच कारखान्याच्या आवारातल्या जांभळाची छाटणी निघाली आणि ठेकेदाराने अब्बांना आणलं. दिवसाचे 150 रुपये ठरले. व्हाउचर लिहायचं काम आमच्याकडे होतं. साहेब म्हणाले, कागदावर झाड हा शब्द नको, उगाच परवानग्यांची भानगड. म्हणून आम्ही लिहिलं, 'किरकोळ खर्च. आवारातील कचरा काढणे. एका इसमास रोख.'

झाड न लिहिण्याचं कारण साहेबांचं होतं. नाव न लिहिण्याचं कारण आमचं होतं. आपला बाप झाडावर चढतो हे ऑफिसात कळू नये असं आम्हाला वाटत होतं. खिडकीतून अब्बा दिसत होते आणि आम्ही मान खाली घालून आकडे जुळवत होतो. दुपारी ते पाणी प्यायला दारापाशी आले तेव्हा त्यांनीही ओळख दाखवली नाही. त्यांना आमच्या डोळ्यांत काय दिसलं असेल ते अल्लाहच जाणे.

तिसऱ्या दिवशी अब्बा पडले. जांभळाची फांदी दगा देते हे वसईत कुणालाही ठाऊक आहे, वरून धडधाकट दिसते आणि भार पडला की आवाज न करता तुटते. अब्बांनाही ठाऊक होतं. पण दोर एकच होता आणि तो त्यांनी कापायची फांदी बांधायला वापरला होता, अंगाला बांधायला उरला नव्हता. खाली दोर धरायला एक पोरगा होता, तो आमचा भाऊ. वय 17. अब्बांची पाठ मोडली.

दवाखान्याचा पहिला खर्च कंपनीने दिला. पुढच्या भरपाईची गोष्ट निघाली तेव्हा कागद तपासले गेले. कागदावर अब्बा कुठेच नव्हते. झाड नव्हतं, चढणं नव्हतं, नाव नव्हतं. कचरा काढणारा एक इसम होता. त्या वेळच्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात, माणूस प्रासंगिक कामावर असेल आणि ते काम मालकाच्या धंद्याचं नसेल, तर त्याला कामगार धरत नसत. ही अट 2000 सालच्या दुरुस्तीने निघाली. तेव्हा मात्र ती होती, आणि आमच्या अक्षरातलं व्हाउचर तिला नेमकं जुळत होतं. आम्ही गप्प बसलो. नोकरी नवी होती आणि आता घरात पगार आणणारे आम्ही एकटेच होतो. ही कारणं खरी आहेत. तरीही ती पुरेशी वाटत नाहीत.

अब्बा पावणेसहा वर्षं खाटेवर होते. 1994 च्या जानेवारीत गेले. त्या काळात त्यांनी धाकट्याला शिकवलं. तो संध्याकाळी कामावरून यायचा, कुठलं झाड, कुठली फांदी, कुठून कापली ते सांगायचा, आणि अब्बा पडल्या पडल्या त्याच्या चुका काढायचे. माडाच्या खोडाला कान लावून आतला सोंड्या भुंगा कसा ओळखायचा हेही त्याच खाटेवर शिकवलं. या भुंग्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून ते पोखरतात. बाहेरून झाड हिरवं दिसतं. पण कान लावला तर आत चावल्याचा आवाज येतो, खोडातून तांबूस चिकट रस गळतो आणि आंबल्यासारखा वास येतो. शेंडा सुकलेला दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

अब्बा गेले त्याच वर्षी भाऊ आखातात निघाला. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची गोष्ट इथून पुढे सारखीच आहे, त्यामुळे लांबवत नाही. कर्ज, एजंट, मेडिकल, मुंबईच्या खेपा. भाऊ आठवीपर्यंत शिकलेला. मॅट्रिक नसलेल्या माणसाला आखातात जायला सरकारची वेगळी मंजुरी लागते, 1983 च्या कायद्याने. फॉर्म भरायला साहजिकच आम्ही बसलो. 'व्यवसाय' असा रकाना आला. आम्ही विचारलं, "काय लिहू?" भाऊ म्हणाला, "भाईजान, तुम्हाला जे योग्य वाटेल ते." आम्ही लिहिलं, 'मजूर'.

दुसरं काय लिहायचं हे तेव्हा खरोखरच सुचलं नाही. सुतार, गवंडी, फिटर, ड्रायव्हर हे शब्द होते. अब्बांच्या कामाला शब्द नव्हता. लाकूडतोड्या म्हणजे झाड पाडणारा, आणि हा तर झाड राखणारा.

तो एक शब्द भावाबरोबर शारजाला गेला. तिथं तो बांधकामावर हेल्पर झाला. सिमेंटच्या गोण्या, वाळू, लोखंड. व्हिसा ज्या मालकाचा, काम त्याचंच. दोन वर्षं त्याने झाडाला हात लावला नाही. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, 'भाईजान, इथे खजुराची झाडं रस्त्याच्या कडेला रांगेत उभी आहेत. मी बसमधून मोजतो.'

करार संपल्यावर दुसऱ्या व्हिसावर तो अल ऐनला एका बागकाम कंपनीत गेला, पण पुन्हा हेल्पर म्हणूनच. अल ऐनची खजूरबाग फार जुनी, लाखाहून अधिक झाडांची. जमिनीखालच्या पाटांनी, ज्यांना तिथे फलज म्हणतात, तिला पाणी मिळतं. 2011 साली अल ऐनच्या या वारशाला युनेस्कोची मान्यता मिळाली. भावाच्या कंपनीकडे बंगल्यांतल्या आणि रस्त्यांवरच्या खजुरांची देखभाल होती. त्याचं काम पडलेल्या झावळ्या उचलण्याचं. एकदा एका बंगल्यात त्याला तो वास आला. आंबल्यासारखा. त्याने खोडाला कान लावला आणि मुकादमाला सांगितलं की आत किडा आहे. मुकादम हसला, झाड तर हिरवंगार होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने खोडात भोक पाडून पाहिलं, तर आत अळ्या.

सोंड्या भुंगा मूळचा आपल्याकडचा, दक्षिण आशियातला. आखातात तो 1980 च्या दशकात पोहोचला. अमिरातीत 1985 साली, सौदीत 1987 साली त्याची नोंद झाली. तिथल्या खजुरांना तो नवा होता. आमच्या भावाला तो लहानपणापासून ओळखीचा होता. मोडक्या पाठीच्या बापाने खाटेवरून शिकवलेली विद्या समुद्रापलीकडे अशी उपयोगी पडली.

त्यानंतर त्याला झाडावर चढवू लागले. तिथे चढायला कमरेमागून खोडाभोवती घालायचा जाड दोराचा पट्टा असतो, त्याला हाबूल म्हणतात. त्यात पाठ टेकवून माणूस दोन्ही हात मोकळे ठेवू शकतो. भावाने पत्रात त्याचं चित्र काढून पाठवलं आणि खाली लिहिलं, 'अब्बांकडे हे असतं तर.' फेब्रुवारी-मार्चमध्ये नर झाडाचा फुलोरा कापून त्याच्या काड्या मादीच्या घोसात बांधायच्या. एका नर झाडावर चाळीस-पन्नास माद्या फळतात. मग काटे काढणं, घोस विरळ करणं, ते वाकवून देठाला आधार बांधणं, उन्हाळ्यात उतरवणं. मदिनेत लोक खजुराचं असंच परागण करायचे, त्याबद्दलची हदीस सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या दुनियेतल्या कामाचं तुम्हीच जास्त जाणता, अशा अर्थाचं पैगंबरसाहेबांनी (स.) त्या लोकांना सांगितलं. खजूर लावणाऱ्याच्या हातातल्या ज्ञानाला एवढा मान आपल्या परंपरेत आहे. आपण रमजानमध्ये खजूर हातात घेतो तेव्हा तो कुणी उतरवला हे मनातही येत नाही.

भाऊ अल ऐनला 16 वर्षं राहिला. झाडाच्या किड्यासाठी त्याला बोलावत, नव्या पोरांना चढायला तोच शिकवी. पण कागद बदलला नाही. व्हिसावर हेल्पर, पगारपत्रकावर हेल्पर. 2012 साली परतला तेव्हा कंपनीने दिलेल्या पत्रात दोन ओळी होत्या. अमुक इसमाने आमच्याकडे हेल्पर म्हणून काम केलं, वर्तणूक चांगली. भाऊ ते पत्र घेऊन आमच्याकडे आला. "भाईजान, वाचा." आम्ही वाचलं. तो म्हणाला, "चांगलं लिहिलंय ना?" आम्ही म्हणालो, "हो. चांगलं आहे."

वालीवला येऊन त्याने पुन्हा कोयता-करवत धरली, आता अंगाला बांधायच्या पट्ट्यासकट. तोवर वसई-विरारची महानगरपालिका झाली होती, 2009 साली. झाडाच्या फांदीला हात लावायला परवानगी लागू लागली. 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. हे चांगलंच झालं. पण कायद्यात झाडाची नोंद आहे, वय आहे, घेर आहे, त्याच्यावर चढणाऱ्या माणसाचं शिक्षण किती असावं याबद्दल कुणी विचारत नाही. सोसायटीला परवानगीचा कागद मिळतो, मग काम ज्याचा दर कमी त्याला. तो शेंडाच उडवून मोकळा होतो.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. वसई-विरार पट्ट्यात झाडं रस्त्यांवर, घरांवर, गाड्यांवर आडवी झाली. भाऊ आणि पुतण्या कितीतरी दिवस घरी फक्त झोपायला येत होते. ताणाखाली वाकलेली फांदी चुकीच्या बाजूने कापली तर ती उसळून माणसाच्या छातीवर येते. भावाने एकाही पोराला खरचटू दिलं नाही.

त्याच वर्षी सरकारने असंघटित कामगारांसाठी ई-श्रम कार्ड काढलं. आम्ही भावाला घेऊन केंद्रावर गेलो. संगणकावरच्या मुलाने विचारलं, "व्यवसाय काय, चाचा?" भावाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही शब्द शोधत होतो तोवर मुलगाच म्हणाला, "मजूर टाकू?" भाऊ म्हणाला, "टाका." आम्ही पुन्हा गप्प. 27 वर्षांनी रकाना तोच आणि शब्दही तोच.

आता पुतण्याकडे येतो. पोरगा बारावी झालेला, इंग्रजी बेताचं पण न घाबरता बोलतो. त्याने ब्रिटनमधल्या झाडांचं काम करणाऱ्या काही कंपन्यांना लिहिलं, स्वतः चढतानाची चित्रफीत पाठवली. काहींनी उत्तरं दिली, सभ्यपणे. हात चांगला आहे, पण यांत्रिक करवत चालवण्याचं प्रमाणपत्र आहे का? दोरावर लटकून ती चालवण्याचं वेगळं आहे का? वर अडकलेल्या माणसाला खाली उतरवण्याचं आहे का? गाडीचा परवाना? तीन वर्षांच्या अनुभवाची लेखी नोंद? जगभर मान्य असलेल्या एका परीक्षेला बसायचं तर तिलाही तेवढ्याच अनुभवाचा पुरावा लागतो.

या प्रश्नांनी पोरगा खट्टू झाला, पण त्यातल्या एका गोष्टीने आम्ही थक्क झालो. तिथे झाडावर एक माणूस चढला असेल तर खाली दुसरा असा माणूस उभा असावाच लागतो, ज्याला वर जाऊन पहिल्याला सुखरूप उतरवता येतं. अलीकडे तर चढणाऱ्याला एक नव्हे, दोन स्वतंत्र दोर बांधायला सांगतात. आम्हाला मे 1988 ची दुपार आठवली. एक दोर, आणि खाली 17 वर्षांचा पोरगा.

अनुभवाची पत्रं गोळा करायला आम्ही तिघं निघालो. वालीव, गोखिवरे, नवघर, जिथे जिथे भावाने कामं केली होती त्या सोसायट्या आणि कारखाने पालथे घातले. काम सगळ्यांना आठवत होतं. पत्र द्यायला कुणी तयार नव्हतं. रोख पैसे दिले होते, हिशेबात दुसरंच काही लिहिलं होतं, आता पत्र दिलं तर चौकशी झाली तर? एक सचिव कळवळून म्हणाले, "तुमच्या भावाने आमचा वड वाचवला, पण आमच्या वहीत ते गटारसफाईत आहे."

परतताना रिक्षात पुतण्या म्हणाला, "बडे अब्बा, तुमच्या कंपनीत तर आम्ही दरवर्षी छाटणी केली. 10 वर्षं. तिथले कागद तुमच्याच हातचे. तिथलं तरी पत्र मिळेल?"

त्या रात्री आम्ही दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. त्या दहाही वर्षांत व्हाउचरवर आम्ही 'किरकोळ खर्च' लिहिलं होतं, हात त्याच शब्दाला सरावला होता. मग 1988 चंही सांगितलं. एक इसम. कचरा काढणे. नाव का लिहिलं नाही तेही सांगितलं. 35 वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर यायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

पुतण्या काही बोलला नाही, उठून बाहेर गेला. भाऊ बराच वेळ सुपारीचा अडकित्ता हातात धरून बसला. मग म्हणाला, "अब्बांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. पैसे घेताना तुमच्या त्या कागदावर अंगठा त्यांनीच दिला होता ना. काय लिहिलंय ते त्यांनी ठेकेदाराकडून वाचून घेतलं होतं. मी चिडलो होतो तेव्हा. मला म्हणाले, भाईजानला विचारायचं नाही. त्याची नोकरी राहू दे."

आम्ही रडलो हे इथे लिहायला लाज वाटत नाही. अब्बांनी आम्हाला माफ केलं होतं की नाही, ते आता विचारता येणार नाही. पण त्यांनी आमची नोकरी राखली आणि आम्ही त्यांचं नाव राखलं नाही, एवढा हिशेब स्पष्ट आहे. कारकुनाला हिशेब तेवढा कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने एक लांब वही आणून आमच्यापुढे ठेवली. "मागचं गेलं. पुढचं तुम्ही लिहा."

तेव्हापासून आम्ही लिहितो आहोत. प्रत्येक कामाला तारीख, पत्ता, झाडाचं नाव, घेर, काय बिघडलं होतं, काय केलं आणि का केलं, वर कोण, खाली कोण, हत्यारं कोणती, पालिकेच्या परवानगीचा क्रमांक. कामाआधीचा आणि नंतरचा फोटो. बिलावर 'वृक्ष छाटणी व देखभाल' हे शब्द आणि सोसायटीचा शिक्का. शिक्का नसेल तर काम नाही, अशी अट पुतण्याने घातली. सुरुवातीला दोन-चार कामं गेली. मग लोकांना सवय झाली. नारळ विकास मंडळ 2011 पासून माडावर यंत्राने चढण्याचं आणि किडीवरच्या इलाजांचं प्रशिक्षण देतं, तशा प्रशिक्षणालाही पुतण्या जाऊन आला. त्याचं प्रमाणपत्र घरात आलं तेव्हा भावाने ते दोनदा वाचायला लावलं. त्यात झाडावर चढण्याच्या कामाचा उल्लेख होता, छापील.

विलायतेचं काय झालं? अजून झालेलं नाही. 22 जुलै 2025 पासून ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसासाठी कामाची पातळी पदवीच्या दर्जापर्यंत नेली, काही मोजके अपवाद सोडून. हातकाम करणाऱ्यांसाठी दार बरंच लोटलं गेलं. पोरगा दुसऱ्या देशांची चौकशी करतो आहे. परीक्षेसाठी तीन वर्षांची नोंद पुरी व्हायला फार दिवस उरलेले नाहीत. जाईल किंवा जाणार नाही. गेला तर त्याच्या फॉर्मवरच्या 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचं, हे कुणाला विचारावं लागणार नाही.

या पानांच्या वाचकांना आम्ही उपदेश करणारे कोण. पण आपल्या प्रत्येक घरात असा एखादा माणूस असतो. कुणी जाळी विणतो, कुणी भट्टी लावतो, कुणी गाद्या भरतो, कुणी चाकाला धार लावतो. त्याच घरात आता एखादं लिहिणारं पोरगंही असतं. त्या पोराने आपल्या माणसाचं काम त्याच्या नावानिशी लिहून ठेवावं, एवढंच सांगणं आहे. परदेशात जाताना हात बरोबर जातो, पण हाताची साक्ष द्यायला कागद लागतो, आणि तो कागद परदेशात तयार होत नाही. तो इथेच, घरातल्या लिहिणाऱ्याने तयार करायचा असतो.

वहीतली शेवटची नोंद काल दुपारची आहे. कारखान्याच्या आवारातलं झाड, कारखाना दुसरा, झाड मात्र जांभूळच. नोंद अशी आहे: 'जांभूळ. पश्चिमेकडची फांदी बुडाशी पोकळ. तीन कापांत उतरवली, गळा राखला. डांबर लावलं नाही. दोर दोन. वर पुतण्या. खाली त्याचे वडील. काम शिकवलं त्यांच्या वडिलांनी.'

शेवटचं वाक्य नोंदीच्या नमुन्यात बसत नाही. तरी ते आम्ही लिहिलं, आणि त्यापुढे अब्बांचं पूर्ण नाव लिहून खाली तारीख घातली.